संगणकाचा अबोल राखणदार
(केंद्रसंमेलनात शिक्षकांपुढे झालेले भाषण)



जिल्हा परिषदेच्या पुष्कळशा शाळांत आता निदान एक तरी संगणक असतो. कोठे तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर असतो, तर कोठे लोखंडी कपाटाशेजारी जुन्या चादरीने झाकून ठेवलेला असतो. मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांच्या बँक खात्यांचे तपशील, पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीच्या सरावप्रश्नपत्रिका हे सारे त्याच्या पोटात साठविलेले असते. शाळा सुटली म्हणजे कपाटाला कुलूप लावण्यास कोणी विसरत नाही. संगणकाच्या कुलपाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही आणि त्याची किल्ली कोणाच्या खिशात नसते. हे कुलूप म्हणजे ज्याला सर्वजण अँटिव्हायरस म्हणतात तो रक्षक कार्यक्रम होय. तो दिवसभर नेमके काय करतो, आणि तो निकामी कशाने होतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक साधा प्रसंग पाहावा. एका शिक्षकाने तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानातून प्रश्नपत्रिकेची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून आणली. शाळेत येऊन त्याने पेन ड्राइव्ह संगणकाला लावला, फाइलच्या नावावर दोनदा क्लिक केले आणि क्षणभराने प्रश्नपत्रिका पडद्यावर आली. शिक्षकाच्या दृष्टीने येथे घडले ते एवढेच. वास्तविक त्या एका क्षणात बरेच काही होऊन गेलेले असते.

संगणकात कोणतीही फाइल उघडावयाची म्हणजे तशी मागणी विंडोजकडे करावी लागते. ती मागणी ठरावीक मार्गाने साठवणीच्या जागेपर्यंत जाते आणि फाइल घेऊन परत येते. राखणदाराने आपला नाका याच मार्गावर बसविलेला असतो. तो मार्गाबाहेर उभा राहून अधूनमधून डोकावत नाही. मागणी त्याच्या हातून गेल्यावाचून पुढे सरकतच नाही. ती तेथे थांबते, फाइल तपासली जाते, आणि ‘जाऊ द्या’ असा निर्णय झाला तरच लिहिण्यावाचण्याचा कार्यक्रम ती फाइल उघडू शकतो. दिवसभरात संगणक अशा फाइली हजारोंनी उघडतो. त्यांतील बहुतेकींची मनुष्याला खबरही नसते, कारण विंडोज स्वतःच्या कामासाठी त्या उघडीत असते. त्या प्रत्येकीला नाक्यावरून जावे लागते.

मग संगणक रखडत कसा नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. याचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. एकदा तपासलेली आणि त्यानंतर न बदललेली फाइल राखणदार पुन्हा पुन्हा उलगडून पाहत नाही. गावच्या वेशीवरचा जागल्या रोजच्या गवळ्याला रोज नाव विचारीत नाही, तसेच हे आहे. मात्र फाइलमध्ये काही फरक पडला, किंवा राखणदाराकडे संशयितांची नवी यादी आली, की जुनी ओळख रद्द होते आणि तपासणी नव्याने करावी लागते.

ही संशयितांची यादी काय आहे, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सन १९८६ मध्ये लाहोर येथील दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा एक कार्यक्रम लिहिला. फ्लॉपी या चकतीच्या अगदी आरंभीच्या भागात तो जाऊन बसे आणि एका फ्लॉपीवरून दुसरीवर आपोआप उतरे. त्यात त्या भावांनी आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवला होता! त्यांचा हेतू काहीही असो, तो कार्यक्रम देशोदेशी जाऊन पोहोचला. वैयक्तिक संगणकांवर पसरलेला आरंभीचा व्हायरस म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते. अशा कार्यक्रमांचा प्रसार होऊ लागला तेव्हा त्यांना ओळखण्याची एक युक्ती निघाली. प्रत्येक व्हायरसच्या अंगात आकड्यांची एक विशिष्ट ओळ असते. ती त्याच्या बोटाच्या ठशासारखी मानावी, असे ठसे गोळा करून वही करावी, आणि प्रत्येक फाइल त्या वहीशी ताडून पाहावी. पुण्यात कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्तीच्या धंद्यापासून सुरुवात करून कैलास व संजय काटकर या बंधूंनी १९९० नंतरच्या दशकात ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस उभा केला. त्याचाही जन्म दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतील अशाच व्हायरसांमुळे झाला.

त्या काळी बहुधा मनुष्याने आज्ञा केली म्हणजे तपासणी होई. आठवड्यातून एकदा फ्लॉपी घालावी, कार्यक्रम चालवावा, आणि पुढच्या तपासणीपर्यंत निर्धास्त राहावे. परंतु व्हायरस काही आठवड्याच्या वाराची वाट पाहत नाही. म्हणून राखणदाराने संगणक सुरू होताच जागे व्हावे आणि बंद होईपर्यंत जागेच राहावे, अशी व्यवस्था पुढे रूढ झाली. पडद्यामागून चालणारे रक्षण म्हणतात ते हेच. विंडोज १० व ११ यांच्यात ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ हा राखणदार मुळातच बसविलेला असतो. त्यासाठी निराळे पैसे मोजावे लागत नाहीत. विंडोज सुरू होताना त्याचा एक छोटा भाग इतर पुष्कळ कार्यक्रमांच्या आधी जागा होतो, म्हणजे चोर आधीच घरात येऊन बसला असे होऊ नये. ज्या शिक्षकास त्याला प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. उघडणाऱ्या यादीत ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ असे एक लांबलचक नाव आढळेल. पुष्कळांना ते नाव परके वाटते आणि हाच व्हायरस असावा अशी शंका येते. तो व्हायरस नसून पहारेकरी आहे.

ठशांची वही उपयोगी खरी, पण ती अपुरी आहे. चोराने वेष पालटला तर ठसा जुळत नाही, आणि आजचे व्हायरस प्रत्येक नव्या संगणकावर जाताना वेष पालटू शकतात. म्हणून राखणदार आणखी दोन-तीन उपाय योजतो. संशयास्पद कार्यक्रम तो आधी स्वतःच्या एका नकली कोठडीत क्षणभर चालवून पाहतो; तेथे त्याने कितीही उपद्व्याप केले तरी खऱ्या संगणकाला धक्का लागत नाही. दुसरे असे की, चेहऱ्यापेक्षा वागणुकीवर तो अधिक नजर ठेवतो. एखादा कार्यक्रम एकामागून एक शेकडो फाइली उघडून त्यांतील मजकूर कुलूपबंद करीत सुटला, किंवा साध्या पत्राच्या फाइलीतून भलत्याच आज्ञा निघू लागल्या, तर त्याचा ठसा वहीत नसला तरी त्याची मानगूट धरावयास हवी, एवढे राखणदाराला समजते. तिसरा उपाय इंटरनेटच्या जोडणीवर अवलंबून आहे. अगदी अनोळखी फाइल आली तर तिची खूण दूरच्या मोठ्या यंत्रांकडे पाठवून तेथील मत मागविले जाते, आणि उत्तर येईपर्यंत ती फाइल साधारणतः दहा सेकंदांपर्यंत अडवून धरली जाते. ज्या गावात इंटरनेट जेमतेम चालते तेथे हा तिसरा उपाय लंगडा पडतो, ही गोष्ट ग्रामीण शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावी.

पकडलेल्या फाइलीचे काय होते? ती लगेच नष्ट केली जाते असा समज आहे. तो सर्वस्वी खरा नव्हे. बहुधा तिचे रूप बदलून, तिला चालता येऊ नये अशा स्थितीत, ती वेगळ्या जागी डांबून ठेवतात. साथीच्या रोग्याला वेगळ्या खोलीत ठेवावे तसाच हा प्रकार आहे. याचा फायदा असा की, नाक्यावर एखादा निरपराध अडविला गेला असेल तर त्याला सोडविता येते. असे कधी कधी घडते. पण ‘ही फाइल चांगली आहे, मला माहीत आहे’ असे म्हणून ती सोडविण्यापूर्वी ती कोठून आली, कोणी दिली, याची चौकशी अवश्य करावी. फाइलीचे नाव ओळखीचे असणे हा काही तिच्या निरपराधित्वाचा पुरावा नव्हे.

खेड्यातील शाळेला सर्वांत अधिक भोवतो तो पेन ड्राइव्हवरचा शॉर्टकट व्हायरस. पेन ड्राइव्ह शाळेतून झेरॉक्सच्या दुकानात, तेथून केंद्रशाळेत, तेथून पंचायत समितीच्या कचेरीत आणि पुन्हा शाळेत असा फिरत असतो. एखाद्या दिवशी तो लावला तर आतील सर्व फोल्डरांच्या चित्रांवर बारीकसा बाण दिसू लागतो. खरे फोल्डर व्हायरसने लपविलेले असतात आणि त्याच नावांची तोतया दारे पुढे मांडलेली असतात. त्या दारावर क्लिक केले म्हणजे आधी व्हायरस चालतो आणि मग खरा फोल्डरही उघडतो. काम अडत नाही, त्यामुळे कोणाला संशय येत नाही, आणि तोवर शाळेचा संगणकही बाधित झालेला असतो. अशा वेळी घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करण्याची घाई होते आणि वर्षभराची कष्टाने केलेली कागदपत्रे हकनाक जातात. फोल्डर बहुधा नाहीसे झालेले नसतात, केवळ लपविलेले असतात. त्या बाणांवर क्लिक न करता पेन ड्राइव्हच्या नावावर माउसचे उजवे बटण दाबून राखणदाराकडून पूर्ण तपासणी करवावी, आणि मग लपविलेल्या फाइली दाखविण्याची सोय चालू करून पाहावे.

आता खरी दुखरी बाजू. राखणदार बहुतेक वेळा चोराकडून हरत नाही. त्याला घरचीच माणसे घालवून देतात. एखादा दुकानदार शाळेच्या संगणकात किमती कार्यक्रम ‘फुकट’ टाकून देतो. ती नक्कल चालू करण्यासाठी जो छोटा उपकार्यक्रम लागतो, त्याच्यासोबतच्या सूचनेत पहिलेच वाक्य असते की आधी अँटिव्हायरस बंद करावा. दुकानदार तो बंद करतो, काम उरकतो, आणि जाताना राखणदाराच्या यादीत एक अपवाद लिहून ठेवतो की या फोल्डरात जे काही असेल ते तपासू नये. पुढे तो अपवाद वर्षानुवर्षे तसाच राहतो. वेशीचे मोठे दार बंद करून जागल्या समोर बसवावा आणि मागल्या कुंपणाला मुद्दाम खिंडार ठेवावे, तसे हे आहे. शिक्षकाने ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून व्हायरसपासून रक्षणाच्या भागात ‘एक्स्क्लूजन्स’ या नावाखाली काय लिहिले आहे ते एकदा स्वतः वाचावे. शाळेच्या साध्या संगणकात ती यादी रिकामी असावी. फुकटाच्या मोहाने मुलांचे आधार क्रमांक धोक्यात घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरी चूक भाबडेपणाची असते. एक राखणदार चांगला तर दोन अधिक चांगले, असे मानून दोन अँटिव्हायरस एकाच संगणकात बसवितात. दोघेही त्याच नाक्यावर उभे राहून एकमेकांच्या हातातली फाइल ओढू लागतात आणि संगणक कासवाच्या चालीने चालतो. म्हणूनच विकतचा अँटिव्हायरस बसविला की विंडोजमधील डिफेंडर सामान्यतः स्वतःहून बाजूला होतो. नव्या संगणकासोबत ठरावीक मुदतीचा अँटिव्हायरस आलेला असतो. मुदत सरली की त्याची वही नवी होत नाही, पण त्याचे चित्र कोपऱ्यात दिमाखाने दिसतच असते. मुदत वाढवावयाची नसेल तर तो रीतसर काढून टाकावा, म्हणजे डिफेंडर आपल्या जागेवर परत येतो. चालू मुदतीचा कोणताही एक राखणदार पुरेसा आहे.

राखणदार उत्तम असूनही घराची भिंतच पडकी असली तर काय होते, हे १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाचा कार्यक्रम त्या दिवशी दीडशेहून अधिक देशांत पसरला; संगणकांतील फाइली कुलूपबंद करून तो खंडणी मागू लागला. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. तो कोणी फाइल उघडण्याची वाट पाहत नव्हता. विंडोजमधील एका उणिवेतून एका संगणकावरून दुसऱ्यावर थेट शिरत होता. खेदाची गोष्ट ही की, ती उणीव बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती घेतली त्यांचा या मार्गापुरता बचाव झाला. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या उपद्रवी कार्यक्रमाने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे कामही अडले. समुद्रापलीकडची पीडा रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याला लागावयास दिवससुद्धा लागला नाही.

म्हणून दोन प्रकारच्या नव्या गोष्टी संगणकाला नियमाने मिळावयास हव्यात: राखणदारासाठी ठशांची नवी वही, आणि विंडोजसाठी भिंतीची डागडुजी. पहिली दिवसातून अनेकदा येऊ शकते, दुसरी बहुधा महिन्याला येते. विंडोज १० ची नेहमीची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. डिफेंडरची वही त्यावर निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. परंतु पडक्या भिंतीच्या घरात जागा पहारेकरी असणे आणि धड भिंतीच्या घरात तो असणे यांत अंतर आहे. ज्या शाळांत अद्याप विंडोज १० आहे त्यांनी हा विषय मुख्याध्यापकांमार्फत वर कळवावा.

राखणदाराची स्वतःचीही चूक होऊ शकते, हे सांगितल्यावाचून हे विवेचन प्रामाणिक होणार नाही. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने आपल्या राखणदारासाठी पाठविलेल्या माहितीत दोष निघाला आणि जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. असे का व्हावे? राखणदार संगणकाच्या अगदी गाभ्यात बसतो, म्हणून. तेथे बसल्याखेरीज त्याला सर्व काही दिसत नाही, आणि तेथे बसलेल्याचा तोल गेला की सारे घर कोसळते. यावरून कोणी राखणदारच नको असा निष्कर्ष काढू नये; अधिकार मोठा तितकी जबाबदारी मोठी, इतकेच यातून दिसते. जे महत्त्वाचे आहे त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. खंडणीखोर व्हायरस आला तरी, राखणदाराचा पाय घसरला तरी, कपाटातली ती प्रत शाबूत राहील.

आणखी एक मर्यादा आहे, आणि ती कधीच संपणारी नाही. अमेरिकेतील फ्रेड कोहेन या संशोधकाने १९८० नंतरच्या दशकात गणिताने असे दाखविले की, कोणताही कार्यक्रम सर्व व्हायरस अचूक ओळखू शकणार नाही. शिवाय गुरुजींनी किंवा बाईंनी दूरध्वनीवरच्या गोड आवाजाला भुलून ओटीपी सांगितला, तर राखणदाराच्या नाक्यावरून काहीच जात नाही. मग तो अडविणार कोणाला?

हा विषय मुलांना शिकविण्याची एक निर्धोक रीत आहे. व्हायरस-विरोधी कार्य करणाऱ्या ‘आयकार’ या युरोपीय संस्थेने ६८ अक्षरांची एक ओळ ठरवून दिली आहे. ती कोणतेही नुकसान करीत नाही. परंतु राखणदारांनी तिला व्हायरस समजून पकडावे असा संकेत पाळला जातो. संस्थेच्या संकेतस्थळावरून ती ओळ घेऊन सातवीच्या मुलांसमोर साध्या नोटपॅडमध्ये उतरवावी आणि फाइल जतन करावी. बहुधा क्षणार्धात कोपऱ्यात सूचना झळकते आणि फाइल नाहीशी होते. कोणी बोलावले नव्हते, कोणी बटण दाबले नव्हते, तरी हे कोणी केले, असे मुलांना विचारावे. उत्तर शोधताना पडद्यामागे काम चालते म्हणजे काय हे त्यांना व्याख्येवाचून कळेल. मात्र हा प्रयोग शाळेच्याच संगणकावर करावा, कचेरीतल्या संगणकावर नव्हे. तेथील कारकुनाची झोप उगाच उडवू नये. आणि फाइल पकडलीच गेली नाही, तर मुलांपेक्षा शिक्षकालाच अधिक महत्त्वाचा धडा मिळाला असे समजावे व राखणदार चालू आहे की नाही ते त्याच दिवशी पाहावे.

शेवटी उन्हाळ्याच्या सुटीविषयी. मे महिन्यात संगणक चादरीखाली बंद असतो. त्या काळात राखणदारही झोपलेला असतो आणि त्याची वही महिना-दीड महिना जुनी होते. जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी पटनोंदणीची घाई असते, प्रत्येकाच्या हातात पेन ड्राइव्ह असतो, आणि पहिला पेन ड्राइव्ह त्या जुन्या वहीच्या राखणदारासमोर येतो. त्या दिवशी सकाळी लवकर संगणक सुरू करावा, मोबाइलवरून का होईना इंटरनेट जोडावे, ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये जाऊन नवी माहिती मागवावी आणि तासभर त्याला हात लावू नये. कोपऱ्यातील ढालीच्या चित्रावर हिरवी खूण आली म्हणजे पेन ड्राइव्ह पुढे करावयास हरकत नाही.